ब्रेक दाबला की ‘टक्’: कसलेले बोल्ट पुन्हा पुन्हा ढिल्ले होतात तेव्हा

तक्रार घरच्या रेसिंग रिगची, म्हणजे कॉम्प्युटरवर कार-रेस खेळायला सीट, व्हील आणि पेडल बसवलेल्या चौकटीची. ती अशी. रेस सुरू झाली की पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळं झक्कास. मग एखाद्या कडक ब्रेकिंगला पायाखालून ‘टक्’ आवाज येतो. एकदाच. ते वळण निघून जातं, पण त्यानंतर ब्रेकचा अंदाज चुकायला लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिगखाली वाकून पाहावं तर पेडलची प्लेट डावीकडून दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकलेली. बोल्टला ॲलन की लावली की पाव फेरा सहज फिरतो. कसा, खेळा, पुन्हा टक्.

दोन महिने मी हेच केलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण ॲल्युमिनियम सेक्शनची (बाजूंना लांब खाचा असलेल्या दांड्यांची) रिग बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रकार कधी ना कधी भेटतो, आणि प्रत्येकाला सल्ला एकच मिळतो: अजून कस.

रिग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बांधली. खालची चौकट आणि व्हीलचे खांब ४०×८० मिमीचे. पेडलसाठी पुढे-मागे जाणाऱ्या ४०×४० च्या दोन पट्ट्या, त्यांच्यावर पाच मिलिमीटरची पावडर कोटिंग केलेली लोखंडी प्लेट, चार एम ८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टनी बसवलेली. पट्ट्यांच्या खाचेत टी-नट, म्हणजे खाचेच्या ओठाखाली (आत आलेल्या कडेखाली) अडकणारे नट, त्यामुळे प्लेट हवी तिथे सरकवता येते. हीच सोय पुढे डोकेदुखी झाली. ब्रेक लोड सेलचा आहे, म्हणजे पेडल किती सरकलं ते न मोजता पायाचा जोर मोजणारा. शंभर टक्के ब्रेक मी ८० किलोवर ठेवलाय. प्रत्येक मोठ्या वळणाला त्या चार बोल्टांवर एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका ढोसणा बसतो, आणि तोही प्लेटच्या वीसेक सेंटिमीटर वर. म्हणजे प्लेट पुढे ढकलली जातेच, शिवाय माझ्याकडची कड उचलू पाहते.

आधी केलेले उपाय सांगतो, तुमचे तरी वाचतील.

पहिला, अर्थातच, जोर लावून कसणं. एका बोल्टच्या डोक्याचा षटकोन गोल झाला. ते बटन हेड बोल्ट होते. दिसायला छान, पण एम ८ असूनही त्यांना ५ मिमीची की लागते आणि खड्डा उथळ असतो. उंच गोल डोक्याच्या साध्या एम ८ ॲलन बोल्टला ६ ची की लागते, ती पकड सोडत नाही. जिथे खरा जोर येतो तिथे बटन हेड वापरूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा उपाय, साधा वॉशर काढून स्प्रिंग वॉशर. आपल्याकडे स्प्रिंग वॉशरवर देवाइतकी श्रद्धा आहे. पण १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की बोल्ट सुटतो तो मुख्यतः सांधा आडवा सरकत राहिल्यामुळे. त्याच्या पद्धतीच्या यंत्रावर सांधा आडवा हलवला तर स्प्रिंग वॉशर घातलेले बोल्टही भराभर सुटतात. माझे चौथ्या दिवशी सुटले. साधे वॉशर परत घातले.

तिसरा, निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवून धरणारं द्रव. चार थेंब टाकले, रात्रभर ठेवलं. त्या बोल्टांनी फेरा घेतला नाही, हे कबूल. पण प्लेट तरीही सरकली! इथे मला पहिल्यांदा शंका आली की आपण चुकीच्या चोराच्या मागे लागलोय.

चोर पकडला तो आमच्या काकांनी. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत फिटर म्हणून उभं आयुष्य गेलं त्यांचं, आता निवृत्त. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले, मी रिगखाली आडवा पडून की फिरवतोय. थोडा वेळ उभे राहून पाहिलं आणि म्हणाले, “कसून काय राह्यला बे? खोलून पाह्य ना आधी.”

खोललं. चारही बोल्ट काढले, प्लेट उचलली, नट बाहेर काढले. काकांनी मोबाइलचा टॉर्च खाचेत धरला. खाचेच्या तळाशी, बरोबर बोल्टच्या जागी, एक चकचकीत गोल खड्डा होता. मुगाच्या दाण्याएवढा, मध्ये सपाट. चारपैकी तीन जागी तसाच. “टोक तळाले टेकून राह्यलं तुह्यं,” म्हणाले. “अन् तू समजून राह्यला का बोल्ट टाइट झाला.”

म्हणजे काय होत होतं, ते नीट समजून घ्या, कारण बाहेरून हे अजिबात दिसत नाही. बोल्ट लांब असला की डोकं प्लेटवर पुरतं बसायच्या आधीच टोक खाचेच्या तळाला भिडतं. पुढे की फिरवली तर सगळा जोर नट आणि तळ यांच्यातच अडकतो. हाताला बोल्ट एकदम घट्ट लागतो, पण प्लेट दाबली गेलेलीच नसते. वर ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे टोक हळूहळू तळात रुततं, डोकं कसंबसं प्लेटला टेकतं, आणि आपल्याला वाटतं झालं काम.

हिशेब मी नंतर काडेपेटीच्या काडीने केला. काडी खाचेत उभी धरून सेक्शनच्या तोंडाशी नखाने खूण केली, कॅलिपरने मोजली: १२.८ मिमी. प्लेट ५, वॉशर १.६, एकूण ६.६. बोल्ट २० मिमीचा, म्हणजे सेक्शनच्या आत १३.४ मिमी जाणार. जागा १२.८. उरलेले ०.६ मिमी म्हणजेच तो खड्डा. मी १६ चे मागितले होते. दुकानदाराकडे नव्हते, “वीसचे चालतात” म्हणून त्याने दिले, आणि मीही घेऊन आलो. चूक दोघांची. तुमच्या सेक्शनची खोली वेगळी असेल, बनवणाऱ्यागणिक बदलते, तेव्हा माझा आकडा उचलू नका, काडी घ्या. बोल्टचं टोक तळापासून निदान दीड-दोन मिलिमीटर वर राहिलं पाहिजे, आणि नटात निदान सहा मिलिमीटर आटे पकडले गेले पाहिजेत. या दोन्हींच्या मधे बसेल ती लांबी तुमची.

इतवारीत लोहा ओळीत जाऊन १६ चे, ८.८ ग्रेडचे (हा मजबुतीचा आकडा) बोल्ट आणले. डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, बघून घ्या. बसवले, कसले, आठवडाभर शांतता. मग पुन्हा टक्. या वेळी फक्त डावीकडे, आणि अर्धा मिलिमीटरच. पण टक् ते टक्.

आता मात्र ‘कसले’ म्हणजे नेमकं किती, हे मोजायचं ठरवलं. प्लेट जागेवर राहते ती फक्त घर्षणाने. बोल्टने तिला सेक्शनवर जितकं दाबलं असेल, त्याच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाइतका जोर ती सरकण्याआधी सोसते. एम ८ बोल्ट ८ न्यूटन-मीटरला (हे कसण्याच्या पिळाचं माप) कसला तर दाब सुमारे ५ किलोन्यूटन, म्हणजे ५०० किलोच्या वजनाइतका, मिळतो. २४ ला कसला तर सुमारे १५. तिप्पट फरक. आणि बहुतेक जण त्या आठच्या आसपासच थांबतात, कारण ६ च्या छोट्या एल-कीची लांब बाजू ९ सेंटिमीटरच्या आसपास असते. तिच्यावर २४ न्यूटन-मीटर द्यायचे तर टोकाला २७ किलो जोर लागतो. अंगठ्याने तेवढा लावून पाहा. कीच रुतते तळहातात.

टॉर्क रेंच (पीळ मोजणारा पाना) नसेल तरी अडत नाही. कीवर एक लोखंडी पाइपचा तुकडा चढवा, बोल्टच्या मध्यापासून मोजून २५ सेंटिमीटरवर खूण करा, तिथे सामान तोलायचा हूकवाला डिजिटल काटा अडकवा आणि काटकोनात ओढा. काटा १० किलो दाखवेल तेव्हा साडेचोवीस न्यूटन-मीटर झाले. प्रवासाच्या बॅगा तोलायला घेतलेला काटा माझ्या घरी आता पेडलखालीच राहतो, यावर घरात काय बोललं जातं ते लिहीत नाही. एक सावधगिरी: हे गणित भरीव लोखंडी सरकत्या नटांचं आहे. वरून टाकून फिरणाऱ्या हॅमर नटला मी १५ च्या वर नेत नाही, आणि नट विकणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच खरा.

मोजून कसलं तेव्हा डावीकडचं कारण हाती आलं. ते म्हणजे रंग. म्हटलं तर हास्यास्पद. पण आकडे पाहा. इतका आखूड बोल्ट पूर्ण कसला तरी किती ताणला जातो? पकडीची लांबी बारा-तेरा मिलिमीटर, त्यात ताण २० ते २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आणि प्लेटवरचं पावडर कोटिंग साधारण ६० ते ८० मायक्रॉनचं, दोन्ही बाजूंना. बोल्टच्या डोक्याखाली तो थर थोडा जरी दबला, दहा मायक्रॉन समजा, तरी बोल्टची निम्म्याच्या आसपास पकड गेली. बोल्ट एक अंशही फिरलेला नसतो आणि सांधा मात्र ढिल्ला. लांब बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून त्याला असल्या थोड्याशा दबण्याने फरक पडत नाही. आपल्या रिगमधले सगळे बोल्ट आखूड, म्हणून आपल्यालाच हा त्रास. सेक्शनवरच्या ॲनोडायझिंगचा थर कडक आणि पातळ असतो, त्याची काळजी नको.

माझ्या प्लेटला सरकवण्यासाठी लांबट भोकं आहेत, त्यावर १६ मिमी व्यासाचा पातळ वॉशर. तो भोकात वाटीसारखा वाकला होता. काढून काचेवर ठेवला तर डुलत होता. मग वॉशरखालचा आणि प्लेटच्या पोटाचा, दोन्हीकडचा रंग बोल्टांच्या जागी कानशीने खरवडला, उघड्या लोखंडावर गंज नको म्हणून तेलाचं बोट फिरवून पुसून घेतलं, आणि तीन मिलिमीटरचे जाड वॉशर घातले. लांबी पुन्हा मोजली: ५ आणि ३ आठ, बोल्ट १६ चा, आत ८. जमलं. दुसऱ्या दिवशी काट्याने पुन्हा ओढलं तेव्हा चारही थोडे थोडे फिरले. तिसऱ्या दिवशी एकही नाही. नव्या सांध्याला ही दुसऱ्या दिवशीची फेरी हवीच. त्यानंतरही दर आठवड्याला कसावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण नागपूरकरांना तो फार प्रिय आहे. “आपल्या उन्हाने लोखंड-ॲल्युमिनियम वेगवेगळं फुगतं, म्हणून बोल्ट सुटतात.” ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, हे खरं. पण बोल्टने पकडलेला ॲल्युमिनियमचा भाग म्हणजे खाचेचा ओठ, चार-साडेचार मिलिमीटर. पहाटेच्या १५ अंशांवरून मे महिन्याच्या ४५ वर गेलं तरी फरक दीड मायक्रॉनच्या आसपास. आणि तापल्यावर तर तो सांधा घट्ट होतो, ढिल्ला नाही. आमच्या टक्ची सुरुवात थंडीत झाली होती, पण उन्हावर ढकलायची सवय जात नाही.

आता तुमच्या रिगमध्ये नेमकं कुठे बिघडलंय, ते शोधायची रीत. मला ती काकांनी शिकवली आणि तिला खर्च शून्य. नेलपॉलिशच्या दोन बाटल्या घ्या, लाल आणि पांढरी. विचारून घ्या. लाल रेघ बोल्टच्या डोक्यावरून वॉशर ओलांडून प्लेटवर ओढा. पांढरी रेघ प्लेटच्या कडेवरून सेक्शनवर. वाळू द्या, दोन-तीन दिवस खेळा, मग टॉर्च घेऊन बघा.

लाल तुटली असेल तर बोल्ट फिरलाय. याचा अर्थ सांधा आधी सरकत होता, त्या सरकण्याने बोल्टला फिरवलं. थ्रेडलॉकर इथे मदत करेल, पण मूळ सरकणं थांबवल्याशिवाय नाही. लाल शाबूत आणि पांढरी तुटली, तर बोल्ट जागच्या जागी आहे पण दाब नाही: टोक तळाला टेकलंय, रंग दबलाय, किंवा नट खाचेत अर्धवट फिरून तिरका अडकलाय. माझी गंमत अशी की थ्रेडलॉकरच्या वेळी मी फक्त लाल रेघ ओढली असती तर ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळा झालो असतो. दोन रेघा हव्यातच.

तिरक्या नटाबद्दल थोडं. हॅमर नट खाचेत टाकून बोल्ट फिरवला की पाव फेरा फिरून आडवा बसायला हवा. कधीकधी अर्ध्यातच अडकतो आणि दोन कोपऱ्यांवर लटकतो. माझा चौथा बोल्ट, ज्याच्याखाली खड्डा नव्हता, तो हा. सेक्शनच्या उघड्या टोकातून टॉर्च मारला की दिसतो. खाचेची रुंदीही तपासा: ४० च्या सेक्शनमध्ये ८ मिमीची खाच असलेले आणि १० मिमीची खाच असलेले असे दोन पंथ आहेत, आणि आठचा नट दहाच्या खाचेत आरामात शिरतो. शिरतो म्हणून तो चालतो असं नाही. ओठावर त्याची पकड जेमतेम असते. पेडल आणि व्हीलच्या डेकसाठी (बैठकीसाठी) मी आता टोकातून सरकवायचे नटच वापरतो. आधी मोजून घालावे लागतात, एक विसरला की अर्धी रिग खोलावी लागते, शिव्याही येतात तोंडात. तरी तेच.

दोन्ही रेघा शाबूत आणि तरी पाय दाबला की काहीतरी हलतंय असं वाटतं? मग सांधा सोडा, लवचिकता शोधा. भाच्याला सीटवर बसवला, “दाब” म्हटलं, आणि मी एकेका सांध्यावर बोटाचं टोक अर्धं इकडे अर्धं तिकडे ठेवून फिरलो. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. पेडल डेक दगडासारखा होता. हलत होती ती सीट! सरकपट्टीला स्वतःचाच खुळखुळा असतो; ८० किलोने पाय पुढे दाबला की तेवढाच जोर पाठीतून मागे जातो, आणि मेंदूला ते पेडल हलल्यासारखं वाटतं. बऱ्याच जणांनी याच भ्रमात पेडलचे ब्रॅकेट बदललेत. सेक्शन स्वतः वाकत असेल तर तो उभ्या कडेवर आहे का पाहा: ४०×८० आडवा टाकला तर उभ्याच्या तुलनेत तीन-चार पट जास्त लवतो.

फरशीही बघा. चारही पायांखाली कागद सरकवून पाहायचा, एकाखालून सुटला तर रिग तिरपी आहे. व्हिट्रिफाइड टाइलवर तर अख्खी रिगच घसरते आणि खोट सांध्यांच्या नावावर जाते. रबराचे तुकडे, बास.

आणि कूलर. एप्रिलपासून ब्रेक मधेच गायब व्हायला लागला तेव्हा मी पुन्हा काटा घेऊन खाली घुसलो, पण टक् नव्हतं. पेडलचं यूएसबी क्षणभर तुटून परत जोडलं जात होतं, आणि ते नेमकं कूलर चालू-बंद करताना. दोघांची वायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डात होती. रिगला वेगळा सॉकेट दिला, यूएसबीची तीन मीटरची केबल काढून दीड मीटरची लावली, प्रकार थांबला. चौकटीला अर्थिंग द्यायचं असेल तर तार जिथे जोडाल तिथला थर खरवडा. ॲनोडायझिंगमधून वीज जात नाही, त्यामुळे एक सेक्शन जोडला म्हणजे सगळी रिग जोडली गेली असं होत नाही.

परत पेडलकडे. एवढं करून झाल्यावर मी शेवटची गोष्ट केली, जी खरं तर पहिल्या दिवशीच्या रेखाटनात हवी होती: घर्षणावरचा भार काढून घेतला. माझ्या चौकटीचा पुढचा आडवा ४०×८० उभ्या कडेवर आहे, डेकच्या पट्ट्यांपेक्षा ४० मिमी उंच. प्लेटची पुढची कड आणि तो सेक्शन यांच्यात ११० मिमीची फट होती. उरलेल्या ४०×४० मधून ११० मिमीचे दोन तुकडे गुण्याने खूण करून कापून आणले, दोन्ही पट्ट्यांवर एकेक ठेवला, उरलेली बारीक फट पत्र्याच्या शिमने (पातळ पट्टीने) भरली. आता ब्रेकचा जोर बोल्टांना न विचारता सरळ चौकटीत जातो. बोल्टांना फक्त मागची कड उचलू न देण्याचं काम उरलं. पाय लांब असलेला कोणी बसायला आला की तुकडे काढून प्लेट पुढे सरकवायची आणि दुसऱ्या मापाचे तुकडे लावायचे. माझ्याकडे ८० आणि १४० चे पण आहेत, मापं मार्करने लिहिलेली.

नवी रिग आखत असाल तर पुढचा आडवा सेक्शन असा उंच घ्या. मग वरचं अर्धं लिखाण तुम्हाला लागायचंच नाही.

लाल-पांढऱ्या रेघा फेब्रुवारीत ओढल्या होत्या, आज जूनच्या मध्यापर्यंत जशाच्या तशा आहेत. सीटची सरकपट्टी मात्र अजून कुरकुरते. तिच्या जागी भाच्याने लाकडी ठोकळे सुचवलेत. या रविवारी खोलून पाहतो.